विश्लेषण : मोटारीतील मागच्या सीटवरचा ‘पडदा’ चालतो कसा? तो धोक्याचा कधी ठरतो?

जुहूहून सकाळी दक्षिण मुंबईकडे निघालेल्या मोटारीत चालक पुढे आणि मालक मागे, हे दृश्य जुनेच. गर्दीच्या वेळी या प्रवासात तास-दीड तास सहज जातो. हा वेळ घालवण्यासाठी पूर्वी वर्तमानपत्र किंवा रेडिओ होता, आता समोर स्क्रीन असते. काही कोटींच्या गाडीत ती छतातून खाली उतरते, तर साध्या गाडीत पुढच्या सीटच्या पाठीला टॅब अडकवलेला असतो. या यंत्रणेचे काम कसे चालते, चित्र मध्येच का थांबते, कायदा काय सांगतो आणि सुरक्षेचा प्रश्न कुठे येतो, याचा हा आढावा.

मागच्या सीटवरील मनोरंजन यंत्रणा म्हणजे काय?

या यंत्रणेचे चार भाग असतात. पहिला, चित्रपट किंवा गाणी जिथून येतात तो स्रोत. पूर्वी डीव्हीडी होती, नंतर पेनड्राइव्ह आला, आता बहुतेक वेळा इंटरनेट असते. दुसरा, त्यावर प्रक्रिया करणारा छोटा संगणक. तिसरा, स्क्रीन आणि चौथा, स्पीकर किंवा हेडफोन. अमेरिकेत १९९९ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने ‘सिल्हूट प्रीमियर’ या गाडीत कारखान्यातूनच व्हिडीओ कॅसेट प्लेअर आणि छतातून उघडणारी स्क्रीन दिली होती. आजच्या यंत्रणेचा गाभा तोच आहे, फक्त कॅसेटची जागा इंटरनेटने घेतली.

भारतात किया कार्निव्हल ही गाडी २०२० मध्ये आली, तेव्हा तिच्या वरच्या श्रेणीत मागच्या प्रवाशांसाठी १०.१ इंचांच्या दोन स्क्रीन होत्या. टोयोटा वेलफायरच्या नव्या पिढीत छताला १४ इंचांची स्क्रीन आहे. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू आय-७ या विद्युत गाडीत तर ३१.३ इंचांचा रुंद पडदा छतातून खाली येतो. दुसरीकडे, महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या ‘एक्सईव्ही ९ई’मध्ये वेगळा मार्ग निवडला. तिथे मागच्या प्रवाशाने आपला टॅब स्वतः आणायचा आणि पुढच्या सीटच्या पाठीवरील जागेत बसवायचा, अशी सोय आहे. टॅब दर काही वर्षांनी बदलता येतो, गाडीतली स्क्रीन मात्र गाडीबरोबरच म्हातारी होते, हा या पर्यायामागचा व्यवहार आहे.

चित्र स्क्रीनपर्यंत पोहोचते कसे?

गाडीतील ब्रेक, इंजिन, दरवाजे यांचे संदेश ज्या जाळ्यावरून जातात, त्याला ‘कॅन बस’ म्हणतात. तिचा मूळ कमाल वेग सेकंदाला सुमारे १० लाख बिट, म्हणजे १ मेगाबिट. संदेश छोटे असल्याने तेवढा वेग पुरतो. व्हिडीओचे गणित वेगळे आहे. १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायचे आणि प्रत्येक बिंदूला २४ बिट धरायचे, तर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट स्क्रीनकडे पाठवावे लागतात. म्हणजे कॅन बसच्या क्षमतेच्या जवळपास ३ हजार पट.

त्यामुळे व्हिडीओसाठी वेगळा रस्ता लागतो. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरिजमध्ये ध्वनी आणि माध्यमांसाठी ‘मोस्ट’ हे प्रकाशतंतूंचे जाळे वापरले गेले. आता अनेक गाड्यांत डॅशबोर्डमागच्या संगणकापासून मागच्या स्क्रीनपर्यंत एकच बारीक केबल जाते. तिच्यातून चित्र जाते आणि बऱ्याचदा स्क्रीनला लागणारी वीज व बोटांच्या स्पर्शाचे संदेशही जातात. सीट मागे-पुढे सरकते, पाठ झुकते, म्हणून ही केबल हजारो वेळा वाकूनही तुटणार नाही अशी घ्यावी लागते. कारखान्यात बसवलेली आणि बाहेरून बसवलेली यंत्रणा यांत मोठा फरक इथे पडतो.

मग चित्रपट मध्येच का थांबतो?

दोन कारणे असतात. पहिले नेटवर्क. चांगल्या दर्जाच्या व्हिडीओला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वेग लागतो असे धरले, तर तासाभरात सव्वादोन जीबी डेटा खर्च होतो. अॅप पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवते. जुहूहून वांद्रे, सागरी सेतू आणि वरळी ओलांडून सागरी किनारा मार्गाने मरिन ड्राइव्हकडे जाताना २ किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा बोगदा लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने तो पार करायला दोन मिनिटे लागतात. बोगद्यात नेटवर्क मिळाले नाही आणि उतरवलेला साठा मिनिटभराचाच असेल, तर चित्र अर्ध्या बोगद्यात थांबणार. प्रवासाआधी घरच्या वाय-फायवर चित्रपट डाउनलोड करून ठेवणे हा यावरचा साधा उपाय.

दुसरे कारण हक्कांचे. ओटीटी कंपन्या आपला चित्रपट कुठल्याही स्क्रीनवर पूर्ण दर्जात दाखवू देत नाहीत. चित्र कुलूपबंद स्वरूपात येते आणि त्याची किल्ली प्रमाणित उपकरणालाच मिळते. बाजारातून घेतलेल्या स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनला हे प्रमाणपत्र नसेल, तर अॅप चालू होते पण चित्र धूसर दिसते किंवा स्क्रीन काळीच राहते. अनेकांना हा स्क्रीनचा दोष वाटतो. अडचण असते परवान्याची.

आवाजाची व्यवस्था कशी असते?

मोटारीची आतली जागा लहान, काचा आवाज परत फेकणाऱ्या आणि प्रवासी प्रत्येक स्पीकरपासून वेगळ्या अंतरावर. म्हणून गाडीतील ध्वनिसंगणक जवळच्या स्पीकरचा आवाज काही हजारांश सेकंद उशिरा सोडतो. त्यामुळे सगळे आवाज कानापर्यंत एकदम पोहोचतात. एक्सईव्ही ९ईच्या वरच्या श्रेणीतील १६ स्पीकर आणि डॉल्बी अॅटमॉस यांचा उपयोग आवाज डोक्यावरून, मागून येत असल्याचा भास निर्माण करण्यासाठी होतो.

पण मागे चित्रपट चालू असताना चालकाला रुग्णवाहिकेचा सायरन, मागच्या दुचाकीचा हॉर्न ऐकू यायला हवा. यासाठी हेडफोनचा मार्ग निघाला. डीव्हीडीच्या काळात हे हेडफोन अवरक्त किरणांवर चालत आणि मधे कुणाचे डोके आले की आवाज तुटे. आता ब्लूटूथ असते. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोहोचतो, म्हणून चांगली यंत्रणा चित्रही तेवढेच मागे ठेवते. ज्या यंत्रणेत हे होत नाही, तिथे ओठ आधी हलतात आणि संवाद नंतर ऐकू येतो.

कायदा काय सांगतो?

मागच्या सीटवर स्क्रीन असण्यास बंदी नाही. बंदी आहे ती चालकाने पाहण्यावर. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ नुसार चालकाला वाहन चालवताना व्हिडीओ पाहता येत नाही, अपवाद रस्ता दाखवणाऱ्या नकाशाचा. हातात मोबाइल धरून गाडी चालवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक वाहनचालन ठरते. पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिने ते १ वर्ष कैद, १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. ब्रिटनमध्ये चालकाला दिसेल अशा जागी मनोरंजनाची स्क्रीन नसावी, असा नियम १९८६ पासून आहे.

हा प्रश्न कागदापुरता नाही. मार्च २०२५ मध्ये दादरहून पुण्याला निघालेल्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेट सामना पाहत असल्याचे चित्रण एका प्रवाशाने केले. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्या आदेशानंतर त्या चालकाला बडतर्फ करण्यात आले आणि बस पुरवणाऱ्या खासगी कंपनीला ५ हजार रुपये दंड झाला. अमेरिकेत टेस्ला गाड्यांच्या पुढच्या स्क्रीनवर गाडी धावत असतानाही खेळ खेळता येत होते. तेथील महामार्ग सुरक्षा यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये तपास सुरू केल्यावर कंपनीने ही सोय बंद केली.

बाहेरून बसवलेल्या यंत्रणेत धोका कुठे?

डॅशबोर्डवरच्या स्क्रीनला एक वायर हँडब्रेकशी जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडीओ दिसावा, हा तिचा उद्देश. अनेकदा ग्राहकाच्या आग्रहावरून ही वायर थेट अर्थिंगला जोडली जाते. मग गाडी थांबलेलीच आहे असे स्क्रीनला कायम वाटत राहते आणि मागच्यांसाठी लावलेला चित्रपट चालकासमोरही चालू राहतो. काही मिनिटांच्या या ‘जुगाडा’ने सुरक्षेचा एक अख्खा थर निघून जातो.

दुसरा धोका विजेचा. १२ व्होल्टची बॅटरी म्हटली तरी गाडी सुरू करताना व्होल्टेज खाली जाते आणि चालू असताना १४ च्या आसपास चढते. मूळ वायर सोलून, स्वतंत्र फ्यूज न टाकता स्क्रीन जोडली तर वायर तापू शकते, तसेच गाडीच्या वॉरंटीवरून वाद होऊ शकतो. मागच्या भागाची ‘लाउंज’ करण्यासाठी सीट काढल्या तर प्रश्न आणखी वाढतो, कारण आसनसंख्या नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेली असते. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून काचांना काळी फिल्म लावण्याचा मार्गही २०१२ च्या निकालाने बंद केला आहे.

कारखान्यातून आलेली यंत्रणाही पूर्ण निर्धोक नसते. छतातून उतरणारा मोठा पडदा आतल्या आरशातून मागे पाहण्याची वाट अडवतो आणि चालकाला बाहेरच्या आरशांवर विसंबावे लागते.

सीट बेल्टचा संबंध काय?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. त्या अपघाताचा स्क्रीनशी संबंध नव्हता, पण मागची सीट म्हणजे सुरक्षित सीट हा समज त्याने मोडला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांना सीट बेल्ट सक्तीचा केला. बेल्ट न लावल्यास कलम १९४-ब नुसार १ हजार रुपये दंड आहे.

स्क्रीन समोर असली की प्रवासी पुढे सरकून, वाकून बसतो किंवा सीट पूर्ण मागे रेलून पाय पसरतो. दोन्ही स्थितींत बेल्ट छातीवर आणि कमरेवर नीट बसत नाही. बेल्ट नसेल तर धडकेत डोके थेट समोरच्या स्क्रीनवर आदळते. हातात सैल धरलेला टॅब वेगळेच संकट. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदम थांबली, तरी टॅब त्याच वेगाने पुढे, चालकाच्या दिशेने जातो. सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण चौथ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूला जेवढा वेग येतो, तेवढा हा वेग असतो.

मुलांना मळमळ का होते?

कानाच्या आतील भागाला गाडीचे हेलकावे कळतात, पण स्क्रीनवर खिळलेल्या डोळ्यांना सगळे स्थिर दिसते. मेंदूला मिळणाऱ्या या दोन विसंगत संदेशांमुळे मळमळ होते. मांडीवर टॅब घेऊन मान खाली घातली की बाहेरचा रस्ता अजिबात दिसत नाही आणि त्रास वाढतो. डोळ्यांच्या उंचीला असलेली स्क्रीन त्यामुळे थोडी बरी. अॅपलने २०२४ मध्ये आयफोन आणि आयपॅडवर स्क्रीनच्या कडेला गाडीच्या हालचालीप्रमाणे सरकणारे ठिपके दाखवण्याची सोय दिली, तिच्यामागे हेच तत्त्व आहे.

घेताना काय पाहावे?

स्क्रीन किती इंचांची यापेक्षा चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत. चालकाच्या सीटवर बसून ती थेट किंवा आरशातून दिसते का? स्टँड जोरात हलवल्यावर टॅब निसटतो का? वीज मूळ वायर न कापता, फ्यूजमधून घेतली आहे का? आणि हँडब्रेकची वायर जिथे जोडायला हवी तिथेच जोडली आहे का?

पाचवी गोष्ट यंत्राबाहेरची आहे. चालक ठेवलेल्या गाड्यांत मागच्या स्क्रीनची चर्चा होते, पण डॅशबोर्डवरच्या स्टँडला लावलेल्या चालकाच्या मोबाइलवर काय चालू आहे, हे क्वचित पाहिले जाते. मालक बैठकीत असताना तासन्‌तास गाडीत थांबणाऱ्या चालकाने तेव्हा सामना पाहिला तर त्यात गैर काही नाही. गाडी सुरू होताना तो बंद झाला की नाही, हे मागे बसणाऱ्याने आपली स्क्रीन लावण्याआधी पाहायला हवे. आणि ते पाहून झाले की बेल्ट.