मोटारीच्या गादीचें चामडें

जुनी वस्तू जपावयाची म्हणजे तिला सारखें कांहींतरी चोळीत राहावयाचें, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रस्तुत लेखकाचीही तशीच होती, आणि तिचें प्रायश्चित्त आमच्या घरच्या मोटारीला भोगावें लागलें.

आमच्या तीर्थरूपांनीं १९५७ सालीं एक वापरलेली मॉरिस मोटार घेतली. तिच्या बैठकीला तांबूस रंगाचें अस्सल चामडें आहे. तें फार कोरडें झालेलें पाहून गेल्या उन्हाळ्यांत मीं वाटीभर खोबरेल कोमट करून त्यावर चोळलें. चार दिवस बैठक कशी तकतकीत दिसली! आषाढ लागतांच मात्र मागच्या गादीवर, मातोश्री नेहमीं बसत त्याच जागीं, बुरशी धरली व रंग काळवंडला. धाकटे बंधू म्हणाले, “अण्णा, आतां हें सगळें काढून नवें रेक्झिन घालूं या.” मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांनीं एवढेंच विचारलें, “बसतां येतें ना? मग राहूं द्या.” तेव्हां मला हा विषय मुळापासून समजून घेणें भाग पडलें.

चामडें म्हणजे कोलॅजन नामक तंतूंची दाट गुंफण. कातडें कमावतांना बाभळीची साल, हिरडा इत्यादिकांतील टॅनिननें किंवा क्रोमियमच्या क्षारांनीं हे तंतू कुजण्यापासून वांचवितात व मागाहून त्यांत स्निग्ध द्रव्य मुरवितात. त्यामुळें ते एकमेकांवर सहज सरकतात. ऊन व उष्णता यांनीं चामडें सुकतें, तंतू ताठरतात, आणि बसणाराच्या भारानें मोडतात. मोडलेला तंतू कोणत्याही तेलानें पुन्हा सांधत नाहीं. मोटारीच्या चामड्यावर बहुधा रंगाचा पातळ थर असतो. तेल त्याच्या चिरांतून आंत शिरून डाग पाडतें, धूळ धरून ठेवतें व दमट हवेंत बुरशीला आश्रय देतें. माझी चूक येथेंच झाली.

आतां योग्य क्रम पाहूं. प्रथम चामड्याची ओळख पटवावी. उलट बाजू लवदार व तंतुमय दिसली तर तें चामडें. विणलेलें कापड दिसलें तर तें रेक्झिन. पुष्कळ जुन्या मोटारींत बसण्याची बाजू चामड्याची आणि कडा रेक्झिनच्या असतात. बुरशी असल्यास नाकातोंडाला फडकें बांधून, मोकळ्या हवेंत, मऊ ब्रशानें ती कोरडीच झाडावी. ओल्या फडक्यानें ती पसरते.

नंतर न दिसणाऱ्या कोपऱ्यावर परीक्षा करून, सौम्य, क्षाररहित साबणाच्या पाण्यांत पांढरें फडकें घट्ट पिळून, वीतभर भाग एका वेळीं पुसावा. कपड्यांचा साबण किंवा सोडा वापरूं नये. चामडें स्वभावतः किंचित् आम्ल असतें व क्षारानें त्याची हानि होते. वाळवावयाचें तें सावलींत.

मग पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. तो तसाच राहिला तर वरचा थर शाबूत आहे. स्वच्छतेपलीकडे कांहीं करूं नये. तो लगेच मुरला तरच चामड्यासाठीं मिळणारें मलम अगदीं पातळ लावून, कांहीं तासांनीं उरलेलें पुसून काढावें. अशा मलमांत कित्येकदां गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलें तेल असतें. तें वर्ज्य असेल त्यांनीं मेंढीच्या लोकरींतून निघणाऱ्या लॅनोलिनचें मलम पाहावें. चामड्यावर बसून हा विधिनिषेध कितपत पाळावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

हाताला तांबडी भुकटी लागली तर मात्र थांबावें. तंतूंचाच नाश झाल्याचें तें लक्षण होय. अशा चामड्याला पाणी लागलें तर तें काळें व कडक होतें. येथें जाणत्या कारागिराचेंच काम. फाटल्या जागीं आंतून कापडाचा जोड देतां येतो. चिरा भरून रंगवितां येतात, नाहींशा होत नाहींत.

यापुढील रक्षण सोपें आहे. मोटार सावलींत ठेवावी, कांचांवर पडदे लावावे, बैठकीवर सुती आच्छादन घालावें, प्लॅस्टिकचें नव्हे. पावसाळ्यांत उघडीप मिळतांच दारें उघडीं ठेवावीं.

आमच्या गादीवरील बुरशी गेली; काळा डाग राहिला. दसऱ्याला मोटारीची पूजा झाल्यावर मातोश्री आपल्या जागीं बसून गांवांतून फिरून आल्या. बंधूंनीं रेक्झिनचा विषय पुन्हा काढला नाहीं, आणि खोबरेलाची बाटली त्यांनींच मोटारींतून उचलून स्वयंपाकघरांत नेऊन ठेवली.