पोहे मूठभर, मटकी भरपूर
मधुमेह निघाला की घरात पहिली गदा येते चहातल्या साखरेवर, आणि ती यावीच. पण एकादशीला त्याच माणसापुढे साबुदाण्याची खिचडी बशी भरभरून येते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावापुरती, तंतू नाहीतच म्हणा ना. रक्तातली साखर तो झपाट्यानं चढवतो. दाण्याच्या कुटानं फार तर थोडा आवर बसतो. त्यापेक्षा मुगाचं धिरडं करा. हिरवे मूग रात्री भिजत घाला, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून सालासकट वाटा, थेंबभर तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, सोबत वाटीभर दही. पोहे सुटत नसतील तर प्रमाण उलटं करा: पोहे मूठभर आणि मोड आलेली मटकी, मटार, कांदा भरपूर. (मला तर तेच जास्त रुचकर लागतात.) मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या नावाखाली न्याहारी परस्पर बंद करू नका, साखर एकदम खाली येते, दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. खायला सुरुवात केल्यापासून २ तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा. आकडा वारंवार १८०च्या वर जात असेल तर बशीत काय होतं तेही डॉक्टरांना सांगा.