अर्ज यंदा की पुढच्या वर्षी?



पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. त्या दुसऱ्याच्या उसात भांगलायला जातात, पती गवंड्याच्या हाताखाली. मुलगी रोज एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्र शिकते. तिला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत एम.ए. करायचे आहे. वडील म्हणतात, वर्षभर नोकरी कर, चार पैसे साठव, मग अर्ज कर. मुलगी म्हणते, आत्ताच. भावकी विचारते, वेड्यांची डॉक्टर होऊन काय करणार? (भावकीला उत्तर देण्यात शाई घालवत नाही.)

आमचे मत मुलीच्या बाजूने आहे; पण वडिलांचेही सगळे चूक नाही.

अर्ज करणे आणि जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या संस्थेचा एम.ए. प्रवेश 2024 पासून सी.यू.ई.टी.-पी.जी. या देशपातळीवरील परीक्षेतून होतो. अलीकडच्या वर्षांत तिचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघाले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली. शेवटच्या वर्षाची मुले तिला बसू शकतात. निकाल लागल्यावर जूनमध्ये बघू, असे म्हणत जानेवारी चुकवला, तर प्रवेश थेट दीड वर्षाने. जागा मूठभर, अर्ज ढीगभर. नाही मिळाली तर वडिलांचे नोकरीचे वर्ष आहेच, आणि परीक्षा कशी असते ते पोरीला कळलेले असेल.

पैशाचे म्हणाल तर बाबासाहेबांकडे पाहा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण परतताना चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, काटकसरीने पैसे साठवले. तरी पुरेना. शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भाथेनांनी कर्ज दिले, आणि जुलै 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा निघाले. म्हणजे थांबले जरूर, पण मुदत हातात ठेवून थांबले. सगळे पैसे जमेपर्यंत थांबले असते तर ती चार वर्षे निघून गेली असती.

आता पुढचे. नुसत्या साध्या एम.ए.वर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आजवर त्यासाठी एम.फिल. हा मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद केले, या विषयापुरती 2025-26 च्या प्रवेशापर्यंत मुभा दिली. म्हणून मुलीने अर्जाआधी विचारावे, हा एम.ए. नोंदणीला चालतो की समुपदेशनापुरताच आहे? दोन्ही कामे चांगली, पण दोन वर्षे घालवल्यावर हे कळू नये.

वडिलांनी नोकरीचा हट्ट सोडून कागदांच्या मागे लागावे. केंद्रीय राखीव जागेसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. 1990 च्या दुरुस्तीपासून बौद्धांना तो हक्क आहे. उत्पन्नाचा दाखला पन्हाळा तहसीलमधून. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह मिळाले नाही तर समाजकल्याणकडे स्वाधार योजनेची चौकशी करावी. जात पडताळणी अजून झाली नसेल तर मात्र आजच उठा. तिला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. पत्रात लिहिले आहे की आजोबा गावच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकले. त्या दोन इयत्ता आता कामाला येतील. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा. जुने रजिस्टर कपाटाच्या तळाशी असते, गुरुजींना शोधायला वेळ द्यावा लागतो.