मिल बंद, झांकी चालू

अनंत चतुर्दशीला दुपार कलली की इंदूरच्या खजुरी बाजारातल्या दुकानांच्या ओट्यांवर सतरंज्या पडायला लागतात. सांवेर, देपालपूर, महूकडची कुटुंबं डबे बांधून, पोरं कडेवर घेऊन अंधार पडायच्या आत पोचतात. यंदा आम्हीही सगळे गेलो. आत्याचे गुडघे धरलेत, तरी ‘टीव्हीवर बघ’ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिच्यासाठी खुर्ची घेतली आणि लवकर निघालो.

महाराष्ट्रातल्या विसर्जन मिरवणुकीत मान मूर्तीचा आणि ढोलताशांचा. इंदूरला तो झांकीचा. ट्रॅक्टरमागच्या लांबलचक ट्रॉल्यांवर रामायणातले प्रसंग, कृष्णलीला, एखादा ताजा सामाजिक विषय. पुतळे माना वळवतात, चक्रं फिरतात, दिव्यांच्या माळा धावत सुटतात. सोबत आखाड्यांची पोरं, आणि आता पोरीही, तलवार, पट्टा, बनेटी फिरवतात. सुरुवात खजराना गणेशाच्या झांकीने, मग बाकीच्यांची रांग. जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, सीतलामाता बाजार, राजवाडा असं रात्रभर चालतं. कितीतरी लोक पहाटेचे पोहे खाऊनच घराकडे वळतात.

यातल्या अस्सल झांक्या मिल कामगारांच्या. सर सेठ हुकुमचंद यांच्या मिलने गेल्या शतकाच्या विशीत ही प्रथा सुरू केली, आणि मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या मिलही ईर्ष्येने उतरल्या. आत्याचे यजमान अशाच एका मिलमध्ये फिटर होते. श्रावण लागला की शिफ्ट सुटल्यावरही ते घरी येत नसत. दिवसभर मागांची दुरुस्ती करणारे त्यांचे हात रात्री हनुमानाच्या शेपटीत गुंतलेले. एक जुनी मोटर, दोन पुली, एक पट्टा, एवढ्यावर ती शेपटी रात्रभर डुलायची. आत्या त्यांचा डबा घेऊन मिलच्या फाटकावर जायची, म्हणून तिला प्रत्येक पुतळा आतून ठाऊक.

पुढे मिल एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद मिलला डिसेंबर 1991मध्ये टाळं लागलं. तिथल्या सुमारे 4,800 कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे 224 कोटी रुपये सुटायला 2023चा डिसेंबर उजाडला. मधल्या 32 वर्षांत कितीतरी कामगार वारले, त्यांच्या बायका-मुलांनी अर्ज भरले. आणि ज्यांच्या हातात पगार नव्हता, तीच माणसं दर भाद्रपदात झांकी काढत राहिली. व्यापाऱ्यांकडून चंदा, नगर निगम आणि विकास प्राधिकरणाचं अनुदान, उरलेलं उधारीवर. कोविडची वर्षं सोडली तर ही रात्र चुकली नाही.

म्हणून, हे शहर या झांक्यांना पोसतं असं कुणी म्हणालं की मला मनापासून राग येतो. देतो कोण आणि घेतो कोण, हे ओट्यावर एक रात्र बसलं की कळतं. सत्तरी ओलांडलेली माणसं लांब बांबूने वरच्या तारा उचलत ट्रॉलीबरोबर चालतात. त्यांना कुणी मजुरी देत नाही, मागतही नाहीत ते. मात्र अनुदानाचा पैसा उशिरा येतो, काम उशिरा सुरू होतं, आणि त्याची झळ नेमकी पुतळ्यांच्या हालचालीला बसते. दिवे भाड्याने मिळतात. चालता पुतळा कुणी भाड्याने देत नाही.

यंदा आमच्यासमोरच एका झांकीतल्या गरुडाचे पंख अडकले. एक म्हातारे कामगार ट्रॉलीखाली शिरले. आत्या इकडून ओरडली, “पट्टा ढीला हो गया है, भैया, मोटर पीछे खींचो!” त्यांनी मोटर मागे सरकवली आणि पंख हलले. बाहेर येऊन घाम पुसत त्यांनी विचारलं, “माताजी, कौन-सी मिल से?” आत्याने मिलचं नाव सांगितलं. त्यांनी हात जोडले. आमची लेक तोवर ट्रॉलीच्या कडेला वाकून पुली बघत होती. तिला त्यांनी समजावून दिलं: मोठी पुली हळू फिरते, लहान जोरात, पंख हळू हलवायचे तर मोठी लावायची. मागे ट्रॅक्टर हॉर्न देत होते, तरी त्यांचं सांगणं अर्ध्यावर तुटलं नाही.

हे सांगणारी पिढी आता थकली आहे. शहरात आयटीआय आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, तिथल्या मुलांना पावसाळाभर या कामगारांच्या हाताखाली धाडता येईल. अनुदान आषाढातच द्यावं, म्हणजे शिकायला आणि शिकवायला सवड राहील. आमच्यापुरतं आम्ही ठरवलंय. पुढच्या वर्षी चंदा मागायला कुणी दारी येईपर्यंत थांबायचं नाही. श्रावणातच लेकीला घेऊन झांकीच्या समितीकडे जायचं आणि काम चालू असताना पैसे द्यायचे. पावती आपल्या यजमानांच्या नावाने फाडायची, हे आत्याने तिथेच बजावलं.