थंड हवा आणि चांगली हवा एक नव्हे



गेल्या काही उन्हाळ्यांत शहाद्याच्या आपल्या वस्त्यांमध्ये एक बदल आम्ही पाहतो आहोत. पूर्वी पत्र्याच्या घरांच्या खिडकीला लोखंडी कूलर टेकलेला असायचा. आता मधूनच एखाद्या भिंतीवर एसीचा बाहेरचा डबा दिसतो. पोराला नोकरी लागली, बचत गटाचे कर्ज फिटले, की हप्त्यावर एसी घरात येतो. त्यावर काही जण नाक मुरडतात. "वस्तीत राहून एसीची चैन कशाला?" असे आपलेच शिकलेले बांधव बोलताना आम्ही ऐकले आहे.

आम्हाला हे बोलणे मान्य नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. बंगल्यात वर स्लॅब आणि अंगणात झाड असते. वस्तीत वर पत्रा, शेजारी पत्रा आणि मध्ये चार फुटांची गल्ली. दिवसभर तापलेला पत्रा रात्री उष्णता घरातच सोडतो. दिवसभर कापसाच्या किंवा पपईच्या शेतात राबून आलेल्या बाईला रात्रीही झोप नाही, तर तिचे शरीर सावरणार कधी? उष्णता माणूस मारते, हे सांगायला लांब जायला नको. शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासकांनी मोजले. आपल्या राज्यात १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली चौदा माणसे उष्माघाताने गेली. त्यामुळे घर थंड ठेवणे ही चैन नव्हे, ती आरोग्याची गरज आहे. ज्याला एसी परवडतो त्याने तो जरूर घ्यावा.

आमचे म्हणणे वेगळे आहे. आपण थंड हवा विकत घेतो आणि तिलाच चांगली हवा समजतो. या गैरसमजाची किंमत आम्ही वस्तीत पाहिली आहे.

एका घरात मागच्या वर्षी एसी आला. घरात खोल्या दोन, त्यातली एकच थंड. साहजिकच आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे त्या एकाच खोलीत झोपू लागली. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत कागद कोंबले आणि दाराखाली चादर लावली. आजीला दीड महिन्यापासून खोकला होता. घरच्यांना वाटले, एसीची सर्दी आहे. मेडिकलवरून आणलेली खोकल्याची बाटली चालू होती. आम्ही गेलो, विचारपूस केली आणि आजीला थुंकीच्या तपासणीला नेले. टीबी निघाला. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. चार वर्षांच्या नातवाचे वजन वाढत नव्हते, संध्याकाळी अंग गरम व्हायचे. त्यालाही टीबी झाला होता. आजी आणि नातू दोघे आता बरे आहेत. पण सून आम्हाला म्हणाली ते विसरता येत नाही. "ताई, पोराला उकडू नये म्हणून तर कर्ज काढलं होतं."

इथे एसीने टीबी आणला नाही, हे नीट समजून घ्या. टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. खिडकी उघडी असेल तर ते बाहेर जातात, पातळ होतात. घरातला एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा तो ओढतो, थंड करतो आणि तीच परत सोडतो. बाहेरच्या डब्यातून निघते ती फक्त उष्णता. पाच माणसे आठ तास एका बंद खोलीत झोपली, की त्यांनी सोडलेला श्वासच ती पुन्हा पुन्हा घेत राहतात. सकाळी डोके जड होते, ते बरेचदा यामुळेच.

आता त्याच बंद खोलीत आपण आणखी काय करतो ते पाहा. डासांसाठी कॉईल लावतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की एक कॉईल जळताना जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, तितके सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. ज्या बापाने लेकरासमोर कधी विडी ओढली नाही, तो रोज रात्री त्याच्या उशाशी कॉईल पेटवतो. कॉईलऐवजी मच्छरदाणी वापरा. तिला ना वीज लागते, ना ती धूर करते.

दुसरी गोष्ट सांगताना आम्हाला थोडा संकोच वाटतो, पण सांगतो. वंदनेच्या वेळी आपण मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतो. ती श्रद्धा आमचीही आहे. पण एसीच्या बंद खोलीत अगरबत्तीचा धूर जाणार कुठे? ज्या घरात दम्याचा रुग्ण, गरोदर बाई किंवा तान्हे मूल आहे, तिथे फुले वाहून, एक मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील घ्यावे. अगरबत्ती लावायचीच तर दार-खिडकी उघडी ठेवून, किंवा विहारात. आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला दिसला, तेव्हा तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, निजवले आणि भिक्खूंना रुग्णसेवेचा उपदेश केला. त्यांच्या मूर्तीपुढे बसलेल्या लेकराला खोकला लागू नये, एवढी काळजी घेण्याने वंदनेत काही उणे येत नाही.

चुलीचेही तसेच. सिलिंडर महाग झाला, की अनेक घरांत चूल पुन्हा पेटते. पुढच्या खोलीत एसी आणि मागच्या पडवीत चूल असेल, तर दार उघडले की तो धूर आत येतो आणि दार लावल्यावर आतच अडकतो. जगभरात घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

एसी नसलेल्या घरांनी हिरमुसू नये. फुप्फुसांच्या दृष्टीने खिडकीत बसवलेला कूलर एसीपेक्षा चांगला, असे आमचे स्पष्ट मत आहे. कूलर बाहेरची हवा ओढून आत सोडतो. म्हणून त्याची पाठ बाहेर हवी आणि समोरचे दार किंवा खिडकी उघडी हवी. अनेक घरांत कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावतात. मग तीच ओलसर हवा फिरत राहते, अंग चिकट होते आणि भिंतींना बुरशी धरते. जूनमध्ये हवेत दमटपणा आला, की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

कूलरचे दोन धोके मात्र जिवावरचे आहेत. पहिला शॉकचा. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद करा, पिन काढा आणि मगच हात लावा. ओल्या पायांनी, चालू कूलरमध्ये बादली ओतू नका. अर्थिंग नसलेल्या घरात हा कूलर म्हणजे उघडी तारच. दुसरा धोका डेंग्यूचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवा डास तयार होतो. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा, काथ्याने घासा आणि दिवसभर कोरडी ठेवा. एसीच्या नळीखाली ठेवलेली बादलीही रोज रिकामी करायला विसरू नका.

आता एसीच्या निगेविषयी. पुढचे झाकण उघडले, की जाळी दिसते. ती दर पंधरा दिवसांनी काढून साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवून बसवा. यासाठी मेकॅनिक लागत नाही, शाळेतले मूलही हे करू शकते. जाळी धुळीने बसली, की हवा कमी फेकली जाते, मशीन जास्त वेळ चालते, बिल वाढते आणि धूळ-बुरशी पुन्हा आपल्याच नाकात येते. बाहेरच्या डब्यावर कपडे वाळत घालू नका, त्याची उष्णता मोकळी निघू द्या. दरवर्षी "गॅस संपला, भरावा लागेल" असे कुणी सांगत असेल तर सावध राहा. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधून बुजवायला सांगा, मग गॅस भरा. आजकालचे काही गॅस पेट घेणारे असतात, म्हणून ते काम चालू असताना जवळ विडी-काडी नको.

एसीला वेगळी जाड वायर, १६ अँपियरचा सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी हवा. टीव्ही-मिक्सरच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढून एसी चालवू नका. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि १३ रुग्ण गेले. आग एसीतून सुरू झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. रुग्णालयात असे होऊ शकते, तर गल्लीतल्या लोंबत्या तारांवर भरवसा कसा ठेवायचा?

बिलाचे गणित सोपे आहे. कूलर साधारण दोनशे वॅटचा धरला, तर रोज दहा तास चालवून महिन्याला साठ युनिट होतात. एक टनाचा एसी तासाला पाऊण ते एक युनिट खातो. आठ तास चालवला तर महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट. आपल्याकडे शंभर युनिटनंतर आणि पुन्हा तीनशेनंतर दर चढतो, हे ध्यानात असू द्या. एसी अठरावर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबत नाही. २०२० पासून नव्या स्टारवाल्या एसींचे मूळ तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम झाला. एक अंश वाढवला, की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. २६ वर ठेवा आणि वर पंखा हळू चालवा. आणि एसी घेण्याआधी पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारा, खाली छत करून घ्या. तापलेल्या पत्र्याखाली एसी चालवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे दार-खिडकी सताड उघडा. रात्री खिडकी बोटभर उघडी ठेवा. थोडा गारवा जाईल, जाऊ द्या. घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर त्या खोलीत एसी बंद. रुग्णाला खिडकीजवळ, वेगळे झोपवा आणि सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये खात्यात मिळतात आणि घरातल्या इतरांना टीबी होऊ नये म्हणूनही औषध मिळते. टीबी लपवण्यात कसली अब्रू? लपवलेला टीबी लेकराच्या छातीत जातो.

हे झाले घराचे. पण सगळा भार घरावर टाकणे आम्हाला मान्य नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे, हे तिथे ठरले. हवाही सर्वांचीच आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी विजेचा प्रश्न हाती घेतला होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय गरिबाची सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला, तसा आपल्या नगरपरिषदेने वस्त्यांसाठी राबवावा. पत्र्यांना पांढरा रंग, गल्लीत झाडे, सुरक्षित तारा आणि मीटर या त्यातल्या पहिल्या मागण्या. रमाई आवासचे घरकुल बांधताना समोरासमोर दोन खिडक्या असल्याशिवाय नकाशा पुढे सरकू देऊ नका. बाहेरच्या बाजूची खिडकी बुजवून कपाट करू नका.

१९७२ साली याच शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली आणि आदिवासी मायबहिणी दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. त्या तालुक्यातल्या बायांना नगरपरिषदेच्या दारात अर्ज घेऊन उभे राहणे अवघड नाही. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर त्या अर्जावर सह्या घेऊ. येताना घरातल्या एसीची जाळी धुऊन आणि कूलरची टाकी घासूनच या.