पेढे नकोत, पण पाठ फिरवू नका

गेल्या शिवजयंतीला आमच्या मंडळात मुलांची वेशभूषा स्पर्धा होती. सहा वर्षांचा एक कान्होजी आंग्रे पुठ्ठ्याची तलवार परजत स्टेजवर आला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, सगळ्यांनी व्हिडिओ काढले. मागच्या रांगेत एक ओळखीचं जोडपं बसलं होतं. कोणीतरी त्यांच्या मुलीची चौकशी केली. वडील म्हणाले, "तिने एक वर्ष ब्रेक घेतलाय."

ब्रेक कसला! ती मुलगी त्या आठवड्यात शिकागोच्या उत्तरेला, ग्रेट लेक्सच्या प्रशिक्षण केंद्रात अमेरिकन नौदलाची रिक्रूट होती. तिचं वय १८. तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.

तीनशे वर्षांपूर्वीच्या आरमाराचा अभिमान आणि घरातल्या नाविकाची लाज, या दोन गोष्टी एकाच हॉलमध्ये इतक्या सुखाने कशा नांदतात, हा माझा प्रश्न आहे. आणि तो तुम्हालाच आहे, कारण "काय कमी होतं हो घरात?" हे वाक्य तुम्हीही कधीतरी उच्चारलं असेल.

ती मुलगी अ‍ॅनापोलिसच्या अकादमीत गेली असती, तर आपण पेढे वाटले असते. तिकडे पुण्यात कोणाचा मुलगा एनडीएत गेला की आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवतोच. म्हणजे आपला आक्षेप नौदलाला नाही, खालच्या पायरीवरून सुरुवात करण्याला आहे. महाराजांचं आरमार ज्यांनी वल्हवलं, त्यांत कोळी होते, भंडारी होते, मुसलमान होते. माझं आजोळ मालवणचं. सिंधुदुर्गाच्या तटाकडे बघत लहानाची मोठी झाले. त्या किल्ल्यावरून गलबतं काय फक्त सरदारांनीच हाकली?

तिच्या बाबांनी मला घरी बोलावलं होतं, ती जाण्याच्या पाच महिने आधी. "तू डॉक्टरेट केलीस, तुझं ऐकेल ती. समजाव जरा." मी गेले. मला स्वतःला युद्धाचं काडीचंही कौतुक नाही, आजही नाही. तासभर बोललो. तिला हॉस्पिटल कोअरमध्ये जायचं होतं, म्हणजे नौदलाचं वैद्यकीय काम. मला वाटलं, इथे पकडता येईल. म्हटलं, "मरीन कोअरकडे स्वतःचे वैद्यकीय कर्मचारी नसतात, नौदलाचेच जातात त्यांच्याबरोबर. हॉस्पिटल म्हणतेस, पण उद्या आघाडीवर असशील. माहीत आहे?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी हे विचारलं असतं तर किती बरं वाटलं असतं. ते फक्त विचारतात, लोकांना काय सांगायचं."

मी समजूत घालायला गेले होते, माझीच समजूत पटवून परत आले.

तुमची भीती खरी आहे, तिला मी हसत नाही. समुद्रावर मरायला युद्धच लागतं असंही नाही. २०१७ साली दोन महिन्यांच्या अंतराने दोन अमेरिकन विनाशिका व्यापारी जहाजांवर आदळल्या. 'फिट्झजेराल्ड'वर ७ आणि 'जॉन एस. मॅकेन'वर १० नाविक गेले. "हे युद्ध आपलं नाही" हा आक्षेपही खराच. तो मुलांपुढे जरूर मांडा, कडाडून मांडा. पण भीती वाटते तो माणूस चौकशी करतो, माहिती काढतो. आपण तसं करत नाही. आपण दार आपटतो, अबोला धरतो आणि मंडळात खोटं बोलतो. ही काळजी मुलीची नाही, आपल्या अब्रूची आहे.

या अबोल्याची किंमत काय, ते ऐका. मूल १७ वर्षांचं असेल तर आईवडिलांची संमती लागते. १८ झाल्यावर तुम्हाला कोणी विचारत नाही. पण सही केली की दुसऱ्या दिवशी बोट पकडायची असंही नसतं. बहुतेक मुलं काही आठवडे, काही महिने थांबलेली असतात, आणि प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत माघार घेता येते. हेच दिवस तुमच्या कामाचे. करार एकूण आठ वर्षांचा असतो. त्यातली किती वर्षं प्रत्यक्ष सेवेची, किती राखीव? कोणतं काम मिळणार, ते लिहून दिलंय का? भरती करणाऱ्याने तोंडी सांगितलेलं कागदावर नसेल, तर ते नाहीच असं समजायचं. पुढच्या शिक्षणाच्या खर्चासाठी किती सेवा भरावी लागते? आपण घराच्या कर्जाचे कागद ओळ न् ओळ वाचणारी माणसं. पोटच्या पोरीचा करार मात्र न वाचता ड्रॉवरमध्ये ढकलतो, कारण वाचला तर मान्य केल्यासारखं होईल!

होत नाही. पाठिंबा आणि सहमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या आईला माझ्या संशोधनातलं आजही काही कळत नाही. "अजून शिकतेच आहेस का ग?" असं ती दर फोनला विचारते. तरी पीएचडीची सगळी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तिचे डिंकाचे लाडू येत राहिले. तिला माझा निर्णय पटला होता का, मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही.

ग्रेट लेक्सच्या शेवटच्या संचलनाला त्या मुलीची आई आणि मी गेलो. तिच्या टोपीवरचा 'रिक्रूट' जाऊन 'नेव्ही' आलं होतं. बाबा आले नाहीत. त्या काही आठवड्यांत फोन मोजकेच होते, भरवसा पत्रांवर. आई दर रविवारी लिहायची, मोठ्या, सुट्या अक्षरांत, कारण मुलीचं मराठी मंडळाच्या शाळेत चौथीपर्यंतच झालेलं. "जोडाक्षरं अडतात, पण वाचते," मुलगी म्हणाली. मग हळूच विचारलं, "बाबांना लिहायला वेळ नाही मिळाला का?"

तुमच्या घरी किंवा शेजारी असं एखादं मूल निघालं असेल, तर करार वाचा. भांडायचं असेल तर भांडा. आणि मग त्याचा पत्ता मागून घ्या.