नवा पार

महाराष्ट्रातील जुन्या खेड्यांत वडाच्या किंवा पिंपळाच्या झाडाभोवती दगडी पार बांधलेला असे. दिवसभराची कामे आटोपली, की माणसे पारावर जमत. तेथे पाऊसपाण्याची चर्चा होई, परगावाहून आलेले पत्र वाचून दाखविले जाई, एकाचा बैल आजारी असला तर दुसरा त्यावर औषध सांगे. त्याच पारावर निंदानालस्तीही चाले आणि एखाद्या भोळ्या माणसाची टवाळीही होई. तरीही पार पाडून टाकावा, असे कोणाच्या मनात आले नाही. पाराची योग्यता त्याच्या दगडांवरून ठरत नसे. तेथे बसणाऱ्यांच्या बोलण्यावरून ठरत असे.

आजच्या विद्यार्थ्यांना असाच एक नवा पार लाभला आहे. तो संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर भरतो. रत्नागिरीचा मुलगा आणि चंद्रपूरची मुलगी तेथे एकाच वेळी एका प्रश्नाचा विचार करू शकतात. या पाराविषयी दोन मते ऐकू येतात. काहींना तो विद्यार्थ्यांसाठी सर्वथा वर्ज्य वाटतो. उलट काहींना अभ्यासाचा सारा भार त्यावरच सोपवावासा वाटतो. दोन्ही मते टोकाची आहेत. खरा प्रश्न तेथे जावे की न जावे हा नसून, तेथे बसून काय करावे हा आहे.

विकिपीडियाचे उदाहरण पाहावे. हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, त्याची मराठी आवृत्ती अवतरली. त्यातील लेख कोणा एका विद्वानाने लिहिलेले नसतात. ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने लिहावे, दुसऱ्याने ते सुधारावे, तिसऱ्याने त्याला आधार कोठला ते विचारावे, अशी तेथील रीत आहे. प्रत्येक लेखात कोणता बदल केव्हा झाला, याची नोंद राहते. मतभेद झाल्यास वाद घालण्यासाठी स्वतंत्र चर्चापानही असते.

इतक्या हातांनी लिहिलेल्या मजकुरावर विश्वास कसा ठेवावा, अशी शंका साहजिकच येते. २००५ साली ‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञान-नियतकालिकाने विकिपीडिया आणि सुप्रसिद्ध ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ यांतील ४२ विषयांवरील नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. कोणती नोंद कोठली, हे तज्ज्ञांना सांगितलेले नव्हते. विकिपीडियात १६२, तर ब्रिटानिकात १२३ चुका आढळल्या. ब्रिटानिकाच्या चालकांनी ही तपासणीच सदोष असल्याचे म्हटले. तो वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट विद्यार्थ्याने ध्यानात घेण्याजोगी आहे. छापील असो वा पडद्यावरचे असो, कोणतेही लेखन केवळ डोळे मिटून स्वीकारण्यासाठी नसते. त्याचा आधार पाहावा आणि दुसऱ्या ग्रंथाशी ते ताडून घ्यावे, हाच अभ्यासाचा मार्ग होय.

त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जॉन सायगेंथॉलर या अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकारांविषयी कोणीतरी विकिपीडियावर खोटी माहिती लिहिली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता, असे त्या मजकुरात म्हटले होते. ही असत्य नोंद चार महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली. पुढे ज्याने ती लिहिली, त्याने आपण केवळ एका सहकाऱ्याची गंमत करण्यासाठी असे केल्याची कबुली दिली आणि क्षमा मागितली. लिहिणाऱ्याची घटकाभराची गंमत. पण ज्याचे नाव मलिन झाले, त्याला ती गंमत कशी वाटावी? वर्गमित्राच्या छायाचित्राची थट्टा करून ते सर्वांना पाठविणाऱ्या मुलाने हा प्रसंग आठवावा. पारावर बोललेला शब्द वाऱ्यावर विरून जाई. पडद्यावरचा शब्द सहजासहजी पुसला जात नाही.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक वर्गांचे गट व्हॉट्सॲपवर भरू लागले. त्यांचा उपयोग मोठा झाला. पण एक खोडही त्याबरोबर आली. एकाने गणित सोडवून वहीचे छायाचित्र टाकावे आणि चाळिसांनी ते उतरवून घ्यावे! असे उत्तर वहीत जाते, डोक्यात येत नाही. एखाद्या मुलीने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी केली, तर खरा मित्र तिला आयते उत्तर देणार नाही. तो विचारील, “अर्धी भाकरी आणि आणखी तिसरा हिस्सा मिळून दोन पंचमांश भाकरी कशी होईल? ती तर अर्ध्याहूनही कमी भरते!” या एका प्रश्नाने तिची चूक तिलाच उमगेल आणि पाच षष्ठांश हे उत्तर ती स्वतः शोधून काढील. विचारणाऱ्याने आपण कोठे अडलो ते सांगावे आणि सांगणाऱ्याने पुढची वाट दाखवावी. मग त्या गटाचा अभ्यासवर्ग होतो.

जुन्या पाराचा एक मोठा दोष मात्र विसरता कामा नये. तेथे सर्वांना जागा नव्हती. जातीच्या नावाखाली कित्येकांना दूर उभे केले जाई आणि स्त्रियांनाही तेथे बसण्याची मुभा क्वचितच असे. नव्या पारावर जातीचा पहारा नाही. पण ज्याच्या घरी मोबाइल नाही, किंवा ज्याच्या घरचा एकुलता एक मोबाइल वडिलांबरोबर शेतावर जातो, तो विद्यार्थी आजही दूरच उभा राहतो. गटावर आलेली सूचना त्याच्या घरी जाऊन सांगणे, ही शेजारच्या बाकावरील सोबत्याची जबाबदारी आहे. शाळेनेही एखादी गोष्ट केवळ गटावर सांगून आपले काम संपले, असे मानू नये.

शिवाय, अशा अनेक सेवांच्या नियमांनुसार १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडता येत नाही. म्हणून लहान विद्यार्थ्यांनी या पारावर पालकांच्या आणि शिक्षकांच्या सोबतीनेच बसावे. यात कमीपणा काहीच नाही. जुन्या पारावरही मुले आजोबांचे बोट धरूनच जात; कोठे बोलावे आणि कोठे ऐकावे, हे तेथेच शिकत.

नवा पार बांधून झाला आहे. तेथून फुकटची उत्तरे उचलून न्यायची, की एखादा चांगला प्रश्न तेथे ठेवून यायचा, हे त्यावर बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आहे.